पाववाल्याचे तळहात

डॉक्टर, तुम्हाला मराठी येत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहितोय. आमच्या भाषेतले तीनच शब्द तुम्हाला यायचे. ‘पाणी’, ‘श्वास’ आणि ‘आई गं’. तिन्ही मीच शिकवलेले, अल ऐनच्या त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, पहिल्या महिन्यात. तुम्ही विचारलं होतंत, तुमच्याकडची माणसं दुखलं की काय म्हणतात? मी म्हटलं, आई गं म्हणतात, म्हातारी सत्तर वर्षांची असली तरी आईलाच हाक मारते. तुम्ही हसलात आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलंत. तुमच्या मेक्सिकोतही आईलाच हाक मारतात, म्हणालात, आणि ज्याच्यात आईला हाक मारण्याइतकी ताकद आहे तो अर्धा तास थांबू शकतो. हे मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. पुण्याच्या सरकारी कॉलेजातून नुकताच आलेला, एकोणतीस वर्षांचा, स्वतःला फार शहाणा समजणारा मी. तुम्ही सत्तेचाळीसचे, सर्जरीचे प्रमुख. अख्ख्या गावात मेक्सिकोचा एकच माणूस. अरब पेशंट तुम्हाला ‘अमेरिकी’ म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी चिडून त्यांना नकाशा काढून दाखवायचात.

तो नियम तुम्ही मला गचांडी धरून शिकवलात. दुबई रोडवर मजुरांची पिकअप उलटली होती. मागच्या उघड्या हौद्यात बसलेले पाच जण डांबरावर फरफटत गेले होते. एकाची मांडी उसवली होती, हाड बाहेर, आणि तो असा बोंबलत होता की सिस्टर सगळं सोडून त्याच्याभोवती जमल्या. मी अर्थातच त्याच्याकडे धावलो. तुम्ही मागून माझी कॉलर पकडून मला ओढत कोपऱ्यातल्या ट्रॉलीकडे नेलंत. तिथे एक माणूस गप्प पडला होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्याच्या पोटावर माझा हात दाबून धरलात. पोट फळकुटासारखं ताठ. ‘ओरडणारा नंतर, गप्प आधी,’ तुम्ही म्हणालात. ‘पुन्हा चुकलास तर कॅज्युअल्टीत पाय ठेवायचा नाही. यल्ला, चल.’ तो गप्प माणूस जगला. माझ्या मानेवर तुमच्या नखाचा ओरखडा आठवडाभर होता. बायकोने विचारलं तेव्हा मी पेशंटने ओरबाडलं म्हणून सांगितलं. थापा मारायची सवय तशी जुनीच.

शुक्रवारी तुम्ही चर्चला जायचात. रविवारी तिथे कुणाला सुट्टी, म्हणून देवाचा वारही शुक्रवार. एकदा तुम्हाला आणायला मी गाडी घेऊन गेलो आणि दारातून बघितलं. तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होतात. पाद्री लोकांच्या जिभेवर प्रसादाच्या पावाचा तुकडा ठेवायला लागला, तसे तुम्ही उठून बाहेर आलात. मी विचारलं, देव मानता की नाही? तुम्ही म्हणालात, ‘मी आजोबांच्या वतीने बसून येतो.’ एवढंच. कँटीनमध्येही तुम्ही खुबूसला, त्या अरबी रोटीला, हात लावत नसत, पाव नाही, टोस्ट नाही. भात घ्यायचात. मला वाटायचं, पोटाची तक्रार असेल. मग एकदा आमच्या घरी बायकोने मक्याची भाकरी केली, आणि थाप-थाप ऐकून तुम्ही सरळ स्वयंपाकघरात शिरलात. ती संकोचून मला म्हणाली, ‘अहो, त्यांना बाहेर खुर्ची द्या.’ तुम्ही कुठले बसताय. ओट्याशी उभं राहून तुम्ही पीठ हातात घेतलंत आणि दोन्ही तळव्यांत हवेतल्या हवेत भाकरी थापलीत, परातीला न टेकवता. आमच्या घरात कुणालाच जमत नाही असं. तुमची आई अशीच थापायची म्हणालात. चार भाकऱ्या खाल्ल्यात, नुसत्या ठेच्याशी, आणि ठेचा अळणी आहे म्हणून तक्रार केलीत.

तुमच्या राजधानीत लष्कराने चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, ती गोष्टही तुम्ही त्याच ओट्याशी उभं राहून सांगितलीत. तुम्ही चोवीस वर्षांचे, शिकाऊ डॉक्टर. प्रेतं आली, पाठीत गोळ्या लागलेली, आणि साहेबाने सांगितलं, कागदावर ‘रस्त्यावरील अपघात’ लिही. तुम्ही चार कागदांवर सही केलीत. त्यातल्या एका मुलीच्या एकाच पायात बूट होता. त्यानंतर खोट्या कागदावर कधी सही केली नाही, म्हणालात, आणि करणारही नाही. आमच्या देशाचा इतिहास डॉक्टरांच्या सहीने पुसलाय, असं म्हणून तुम्ही भाकरी उलटलीत. बायकोला तेव्हा दिवस गेलेले. मी खुणेने तुम्हाला थांबवलं. गरोदर बाईसमोर असलं बोलू नये, असं आमच्याकडे मानतात.

आणि आमच्याकडे आणखीही एक मानतात. पुण्याहून आईचा फोन आला होता, ‘बाळ होईपर्यंत दाढीला, केसांना कात्री लावायची नाही. तुझ्या वडिलांनीही लावली नव्हती.’ मी शास्त्र शिकलेला माणूस, हसलो, पण वाढवली दाढी. आईचं मन कोण मोडणार? डिसेंबरपर्यंत चांगली बोटभर झाली. पेशंट मला सलाम करायला लागले, एका म्हाताऱ्या अरबाने तर माझं कौतुक करून खजूर दिले. तुम्ही रोज विचारायचात, ‘मग, आज कुठल्या मशिदीत?’ मी कारण सांगितल्यावर मात्र थट्टा थांबवलीत. माझ्या गालाकडे बघून म्हणालात, म्हणजे ही मुलाची वाट बघणाऱ्या बापाची खूण. मी म्हटलं, हो, तसंच.

मग त्या डिसेंबरात तिकडे मशीद पडली. वडिलांचा फोन आला, ‘झालं एकदाचं.’ मला आतून बरं वाटलं होतं, डॉक्टर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बरं वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी भीती वाटायला लागली, कारण अल ऐनमधल्या आमच्या गल्लीतल्या एका दुकानाची काच फुटली, आणि मुंबईत माणसं कापली जात असल्याच्या बातम्या रेडिओवर यायला लागल्या. बायकोला मी घराबाहेर पडू देत नव्हतो. कॅज्युअल्टीत प्रत्येक पेशंटकडे बघताना पहिला विचार यायचा, हा कोणातला? पूर्वी कधी आला नव्हता असं म्हणत नाही. पूर्वी दुसरा यायचा, आता पहिला यायला लागला.

त्या शुक्रवारी दुपारी लेबर कॅम्पच्या मेसमध्ये कुणीतरी पेढे वाटले. कुणी वाटले ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांनी वाटले ते पळाले, ज्यांनी बांधकामाच्या सळ्या उचलल्या तेही पळाले. हाती लागले ते मधे पडलेले दोघं, आणि त्यांना एका पिकअपमध्ये टाकून आमच्या दारात आणून ओतलं. दोघंही रक्ताने माखलेले, कुठलं रक्त कुणाचं ते कळेना. तुम्ही चर्चमध्ये. तुमचा बीपर वाजवला, यायला वीस मिनिटं. शुक्रवार म्हणून ऑपरेशनचं एकच टेबल चालू, भूलतज्ज्ञ एकच. वर कोणाला न्यायचं ते मी ठरवायचं होतं.

एकाच्या पोटात सुरा खुपसलेला, आतड्याचा फुगा बाहेर आलेला, आणि तो ओरडत होता. ‘आई गो, मेलो. आई गो.’ कोकणातलं मराठी. चार हजार माणसांच्या त्या कॅम्पमधून माझ्या भाषेत ओरडणारा माणूस माझ्यासमोर पडला होता. दुसरा गप्प होता. सळईचा घाव डाव्या बरगड्यांवर, वर नुसता काळानिळा वळ. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे. आणि बोटभर दाढी.

मी त्याच्या पोटाला हात लावला होता, डॉक्टर. फळकुटासारखं होतं. नाडी हाताला लागत होती, सुटत होती. सगळं कळत होतं मला. प्लीहा फुटलीय, पोटात रक्त साचतंय, याच्याकडे पंधरा मिनिटं आहेत. आणि तरी मी म्हटलं, ‘आधी ह्याला घ्या,’ आणि बोट दाखवलं ओरडणाऱ्याकडे. आमच्यात म्हणतात, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. लहानपणापासून हसत हसत म्हणत आलो होतो.

तुम्ही आलात तेव्हा पहिल्याला भूल चढवली होती, अर्ध्या गुंगीत तो अजून ‘आई गो’ करत होता. ते तुम्ही ऐकलंत. क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, दुसरा आहे का कोणी? मग खाली धावलात. त्याला वर न्यायला वेळ नव्हता, तुम्ही त्याला ट्रॉलीवरच फाडलंत. भुलेची गरज उरली नव्हती. पोट उघडलं तशी रक्ताची चिळकांडी तुमच्या छातीवर, ट्यूबलाइटवर, माझ्या तोंडावर आली. तुम्ही कोपरापर्यंत हात आत घातलात आणि ओरडलात, धर, दाब, आणि मी दाबलं. माझ्या मुठीत त्याची मोठी रक्तवाहिनी होती, तिच्यात ठोका होता, मग हलका झाला, मग राहिला नाही. तुम्ही तरी दहा मिनिटं काढला नाहीत हात. बुटात रक्त गेलं होतं, चालताना आवाज यायचा. मग तुम्ही ‘खलास’ म्हणालात आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसलात.

‘तो आधी का?’ तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, त्याचं बीपी कमी होतं. तुम्ही कागद मागितलात. त्यावर आकडा होता, ऐंशी, तुम्ही जमिनीवर बसला होतात तेवढ्यात मीच लिहिलेला. शाई सुकलेली नव्हती. तुम्ही आकड्यावरून अंगठा फिरवलात, अंगठ्याला निळं लागलं, ते बघितलंत. मग कागद माझ्या हातात परत दिलात. त्यापेक्षा तेव्हा कानाखाली काढली असतीत तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस दोघांचे पासपोर्ट घेऊन आला. मी उघडले. ओरडणारा रत्नागिरीचा, मुसलमान. मी देशावरचा, कोकणातल्या मुसलमानांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलतात हे मला माहीत असून माहीत नव्हतं. आणि मेलेला माझ्या आईच्या माहेरच्या तालुक्यातला, सातारा जिल्हा, हिंदू. पासपोर्टवरच्या फोटोत गुळगुळीत दाढी केलेला. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘बिचाऱ्याच्या बायकोला सातवा महिना चाललाय, म्हणून दाढी करत नव्हता. रूमवाले चिडवायचे त्याला.’ तो हे बोलला तेव्हा तुम्ही टेबलापलीकडे बसला होतात. तुम्ही पासपोर्टकडे बघितलं नाहीत, माझ्या गालाकडे बघितलंत.

माझ्या स्वतःच्या तोंडावर तीच दाढी होती. त्याच कारणाची. आणि मला ती ओळखता आली नाही. रोज आरशात बघत होतो की हो मी.

चार दिवसांनी तुम्ही न बोलावता घरी आलात. बायको भाकरी थापत होती, तुम्ही तिला बाजूला केलंत. पीठ थापत थापत तुम्ही आजोबांची गोष्ट सांगितलीत, बायकोला बाहेर पाठवून. तुमच्या देशात सरकार आणि चर्च यांचं युद्ध चाललेलं, पाद्री दिसला की लटकवायचे. पाद्री शेतमजुरांचे कपडे घालून लपले होते. सैन्य तुमच्या गावात आलं, स्टेशनवर अकरा अनोळखी माणसांना रांगेत उभं केलं, आणि कॅप्टनने गावच्या डॉक्टरला, म्हणजे आजोबांना, बोलावलं. तू हात ओळखतोस, म्हणाला, ह्यात राबलेले हात नसलेला कोण ते सांग. आजोबांनी एकेकाचा तळहात दाबून बघितला. घट्टे, घट्टे, घट्टे. कॅप्टनला एक तरी हवाच होता. दहाव्याचा तळहात लोण्यासारखा मऊ लागला. आजोबा म्हणाले, हे हात राबलेले नाहीत. त्याला रुळांकडेच्या तारेच्या खांबाला टांगलं. तो शेजारच्या गावचा पाववाला होता. रोज पहाटेपासून डुकराच्या चरबीत पीठ मळून त्याचे हात तसे झाले होते. पाद्री दुसऱ्या नंबरला उभा होता. सहा महिने लपून शेत खणल्यावर त्याच्या हाताला सुरेख घट्टे पडले होते.

‘चार दिवस तो खांबावर होता,’ तुम्ही म्हणालात. ‘माझे वडील सात वर्षांचे, त्या खांबाखालून शाळेला जायचे. आजीने त्या दिवसापासून घरात पाव आणला नाही. आजोबांनी चर्चमधला पावही कधी तोंडात घेतला नाही. आजोबा खोटं बोलले नव्हते. त्यांना फक्त एक माणूस निवडायचा होता, आणि निवडायला काहीतरी खूण लागते.’ मग तुम्ही पिठाचा हात माझ्या दाढीवर ठेवलात, अलगद, आणि काढलात. दाढीत पीठ राहिलं. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत आणि निघून गेलात, न जेवता. ती भाकरी करपली.

चौकशी बसली. तुमचा रिपोर्ट मला नंतर दाखवला त्यांनी. ‘रुग्णांचा क्रम मी फोनवरून सांगितला. निर्णय माझा होता.’ खाली तुमची सही. कुठला फोन, डॉक्टर? तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होतात. चोवीस वर्षं पाळलेलं तुम्ही माझ्यासाठी मोडलंत, आणि मी समितीपुढे मान डोलावली. बायकोला सहावा महिना होता, नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी तुमचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. एअरपोर्टवर सोडायला मीच आलो. मला मुलगी झाली होती, दाढी उतरवली होती. तुम्ही माझ्या गालावर थोपटून ‘आता ओळखू येतोस’ म्हणालात. त्यातलं किती थट्टेचं होतं ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

दहा वर्षांनी तुमच्या मुलीचा ईमेल आला. सरहद्दीजवळच्या एका दवाखान्यात तुम्ही काम करत होतात. बंदूकवाले त्यांचा जखमी घेऊन आले, तो ओरडत होता. तुम्ही दुसऱ्याच कुणावर काम करत होतात, तो गप्प होता. तुम्ही त्यांना थांबा म्हणालात. त्यांनी तुम्हाला तिथेच, ट्रॉलीशेजारी, चार गोळ्या घातल्या. तिने लिहिलं होतं, बाबा तुमच्याबद्दल बोलायचे. काय बोलायचे ते लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

ओरडणारा जगला. तो आता शारजात असतो, त्याचं गॅरेज आहे, मी अजमानला राहतो. प्रत्येक ईदला तो शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो आणि माझ्या मुलीला तीच गोष्ट सांगतो. ‘मी आणि तो एका खोलीत राहायचो बाय, एका स्टोव्हवर जेवण करायचो. आम्ही दोघं शेजारी पडलेलो. मी म्हटलं, आता हे डॉक्टर त्याला नेणार. तो त्यांच्यातला ना. आणि तुझ्या बाबांनी मला नेलान. तेव्हाच कळलं मला, माणसाची जात न बघता जखम बघणारा डॉक्टर आहे हा.’ मुलगी इंग्लिशमधून म्हणते, ‘बाबा, यू नेव्हर टेल दीज थिंग्ज.’ मी डबा रिकामा करून, धुऊन, त्यात साखर घालून परत देतो. आमच्यात रिकामा डबा देत नाहीत.

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्या साताऱ्याच्या माणसासाठी जळतोय. आता साठी उलटल्यावर स्वतःला नीट विचारून बघितलं. पासपोर्ट उघडल्यावर तो खरंच मुसलमान निघाला असता तर? तर मी आकडा ऐंशीचा लिहिल्याचंही विसरलो असतो, डॉक्टर. हळहळलो असतो, चहा प्यायलो असतो, झोपलो असतो. तुमचा हात दाढीवर का आला तेही मला कळलं नसतं. मी चुकलो म्हणून रडलो नाही. चुकीचा माणूस मेला म्हणून रडलो.

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्हाला ते वाचता आलं नसतं, आणि आता पत्ताही नाही. ज्याला हे वाचता येईल असा माणूस इथून वीस मिनिटांवर राहतो. त्याला मराठी येतं. म्हणून त्याला लिहिलेलं नाही.